लोखंडी दरवाजा आणि घरची कडी

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या घरात एक आकडा फार चालतो, एक्याण्णव. म्हणजे स्तोत्रसंहितेतलं एक्याण्णवावं स्तोत्र. दिवाणखान्यात ते फ्रेम करून लावलेलं असतं, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं असतं, मुलगा शिकायला पुण्याला निघाला की त्याच्या पाकिटात घडी घालून जातं, आणि चारचाकीच्या मागच्या काचेवर नुसतंच ‘स्तोत्र ९१’ असं झळकतं. मागून येणाऱ्याला त्यातून काय बोध होत असेल कोण जाणे. नगरमध्ये सिग्नलला उभा असताना एका रिक्षावाल्याने मला विचारलं होतं, “काका, हा गाडीचा जुना नंबर का?”

या स्तोत्रात काय नाही? पारध्याचा फास आहे, रात्रीचं भय आहे, दिवसा उडणारा बाण आहे, काळोखात फिरणारी मरी आहे, सिंह आहे, नाग आहे. एका बाजूला हजार पडले, दुसऱ्या बाजूला दहा हजार पडले, तरी तुझ्या अंगाला काही लागणार नाही असा भरवसा आहे. आणि पिलांना पंखाखाली घेणारा देव आहे. माणूस ज्याला ज्याला भितो ते झाडून सगळं त्यात आलंय. मुलांच्या ॲडमिशन आणि गृहकर्जाचे हप्ते तेवढे राहिलेत, पण ते रात्रीच्या भयात धरता येतात.

२०२० च्या मार्चात टाळेबंदी लागली, चर्चची दारं बंद झाली आणि हे स्तोत्र फोनवरून फिरायला लागलं. मरीचा उल्लेख त्यात होताच. सकाळी डोळे चोळत फोन हातात घ्यावा, तर मावसभावाकडून तेच, पाळकसाहेबांकडून तेच, दुबईच्या पुतण्याकडूनही तेच, गुलाबाच्या फुलासकट. रोज संध्याकाळी उंबऱ्यात उभं राहून मोठ्याने वाचा, असं कोणीतरी सुचवलं. आम्ही वाचलं. वाचून आत आलो की साबणाने वीस सेकंद हात धुतले. या दोन्हींत आम्हाला काही विसंगती वाटली नाही, आणि मला आजही वाटत नाही. पण दुसऱ्या लाटेत ते स्तोत्र पाठवणाऱ्यांपैकीच काही जण गेले. त्यांचे ते मेसेज अजून फोनमध्ये आहेत. काढून टाकायला हात धजत नाही आणि उघडून वाचायलाही.

एक गोष्ट आमच्या प्रवचनांतून जरा कमीच येते. याच स्तोत्राच्या जोरावर ‘मार उडी, तुला काही होत नाही’ असा सल्ला शास्त्रात पहिल्यांदा कोणी दिला असेल, तर तो सैतानाने. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात तो येशूला यरुशलेमच्या मंदिराच्या शिरोभागी नेऊन उभा करतो आणि सांगतो की देवदूत तुला वरच्यावर झेलतील, तुझ्या पायाला खडासुद्धा लागणार नाही. पाठांतर चोख. आमच्या संडे स्कूलच्या स्पर्धेत पहिला नंबर कुठे गेला नसता. मात्र ऐन मोक्याच्या जागी तो थांबतो. पुढच्याच ओळीत नागाला पायाखाली तुडवण्याचं बोलणं आहे. ते तो गाळतो. का गाळतो ते उघड आहे.

येशू त्याला मोजकं उत्तर देतो. तेही शास्त्रातलंच, की देवाची परीक्षा पाहायची नसते. मग पुढे काय झालं? उडी मारली नाही म्हणजे तो त्या उंचीवरून एकेक पायरी उतरून खाली आला असणार. शास्त्र याबाबत गप्प आहे, पण मला ते उतरणं फार आवडतं. देवाचा पुत्र, ज्याच्या दिमतीला सगळे देवदूत, तो चारचौघांसारखा जिना उतरतोय. त्यात चमत्कार काहीच नसल्यामुळे खाली उभं राहून टाळ्या वाजवायला कोणी नसेल.

जिन्याने उतरणारी माणसं मी आमच्या घरात पाहिली आहेत. माझी आजी मिशनच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि निवृत्तीनंतर नगरजवळच्या खेड्यातल्या घरी एकटी राहायची. सुट्टीत आम्ही नातवंडं तिच्याकडे असायचो. रात्रीची जेवणं झाली की तिचा एक ठरलेला फेरा असे. आधी मागच्या दाराची कडी, कडीच्या वर आडणा, आडण्याला टेकवून दळणाचा डबा. मग पुढचं दार, त्याला आतून कुलूप. खिडक्यांच्या खिट्ट्या. गॅसचा रेग्युलेटर, तो बंद करून वर एकदा वास घेऊन बघायची. एवढं झालं की खाटेशी गुडघे टेकून प्रार्थना. त्या प्रार्थनेत सगळ्या मुलानातवंडांची नावं वयाच्या क्रमाने यायची, शेजारच्या गाभण म्हशीचं यायचं, आणि शेवटी, “प्रभू, या घराला तुझा पहारा असू दे.” आमेन म्हणून उठली की ती परत मागच्या दाराशी जाऊन कडी हलवून बघायची.

मी तेव्हा संडे स्कूलमध्ये नुकताच हुशार झालो होतो. म्हटलं, “आजी, देवाला पहारा सांगितलास ना? मग परत कडी कशाला बघतेस?”

“प्रार्थना देवाला सांगितली,” ती म्हणाली. “कडी चोरासाठी आहे. चोर कुठं माझी प्रार्थना ऐकतोय?”

त्याच घरात एका रात्री खरोखरच चोर आला आणि परड्यातल्या खुराड्यातून सगळ्या कोंबड्या घेऊन गेला. सकाळी मंडळीतल्या बायका समाचाराला आल्या. त्यातली एक डोळे मिटून म्हणाली, “कोंबड्यांवर निभावलं, बाई. प्रभूनं तुमचा जीव राखला.” आजी चहा गाळत होती. वर न बघता म्हणाली, “त्याला कोंबड्याच पाहिजे होत्या गं. माझा जीव नेऊन तो काय करणार होता?”

ती अश्रद्ध नव्हती. तिच्या इतका देवावर भार टाकणारं माणूस मी पुढे पाहिलं नाही. पण तिने नोकरीभर वॉर्ड पाहिला होता. शेजारशेजारच्या दोन खाटा, दोन्हीवर तापाने फणफणलेली लेकरं, दोन्हीच्या उशाशी तिनेच केलेली प्रार्थना, आणि सकाळी एक खाट रिकामी. रिकाम्या खाटेची चादर बदलायचं कामही तिचंच. माझी आई तिचा एक किस्सा सांगायची. मूल गेलेल्या बाईला भेटायला कोणी एक बाई आल्या आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “आपला विश्वास कुठंतरी कमी पडतो बघा.” आजीने त्यांच्या कोपराला धरलं. “चला बाई, बाहेर बसा. ड्रेसिंगची वेळ झालीय.” ड्रेसिंग कुणाचंच नव्हतं. पण त्या बाईंना व्हिजिटिंग अवर संपेपर्यंत आत सोडलं नाही.

या सगळ्याचा विचार करताना माझं मन प्रेषितांच्या कृत्यांतल्या बाराव्या अध्यायावर जाऊन थांबतं. अख्ख्या नव्या करारात इतका विनोदी अध्याय दुसरा नसेल, आणि त्याची पहिली दोन वचनं वाचून कोणाला हसूही येणार नाही. हेरोद राजा मंडळीच्या मागे लागतो आणि योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो. संपलं. एका वाक्यात आटोपलं. याकोब म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. गालीलच्या किनाऱ्यावर जाळी टाकून येशूच्या मागे आलेल्या पहिल्या चौघांतला एक. पेत्र आणि योहान यांच्या बरोबरीने येशूने ज्याला डोंगरावर नेलं, बागेत नेलं, तो. त्याच्यासाठी देवदूत आला नाही. का आला नाही, यावर या पुस्तकाचा लेखक लूक एक अक्षर लिहीत नाही.

लोकांना हे आवडलंय असं पाहून हेरोद पेत्रालाही पकडतो. वल्हांडणाचे दिवस असतात, म्हणून निकाल सणानंतर. पहाऱ्याला चार-चार शिपायांच्या चार तुकड्या. पेत्र दोन साखळ्यांनी बांधलेला, दोन शिपायांच्या मधे, आणि गाढ झोपलेला. उद्या मान जाणार आहे आणि हा घोरतोय! कोठडीत उजेड पडतो तरी जाग नाही. शेवटी देवदूताला त्याच्या कुशीत ढोसावं लागतं. मग कमरेला पट्टा बांध, वहाणा घाल, अंगावर झगा घे, एकेक गोष्ट सांगावी लागते, शाळेला उशीर झालेल्या पोराला आई सांगते तशी. पेत्राला वाटतं आपण स्वप्नात आहोत. पहिला पहारा ओलांडतात, दुसरा ओलांडतात, आणि शहराकडचा लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. एक गल्ली सोबत करून देवदूत नाहीसा होतो. इथून पुढचा रस्ता तुला माहीत आहे, तुझा तू जा.

पेत्र जातो मार्काच्या आईच्या, मरीयेच्या घरी. तिथे पुष्कळ लोक जमून प्रार्थना करत असतात. कशासाठी? पेत्राच्या सुटकेसाठीच. तो दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी कानोसा घ्यायला येते, आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. पेत्र दाराशी आहे! प्रार्थनेला बसलेली मंडळी काय म्हणते? ‘तुला वेड लागलंय.’ ती हट्टाला पेटते तर म्हणतात, त्याचा देवदूत असेल. म्हणजे देवदूत दाराशी आला यावर त्यांचा विश्वास बसतो. पेत्र आलाय यावर बसत नाही. आणि तो बिचारा बाहेर उभा राहून ठोठावतोच आहे. तुरुंगाचा लोखंडी दरवाजा आपसूक उघडला आणि प्रार्थनासभेची कडी काही निघेना!

आमच्या मंडळीत हा भाग वाचला जातो तेव्हा मी आजूबाजूला बघतो. कोणी हसत नाही. शास्त्र वाचताना हसू नये अशी आपली समजूत. मला मात्र वाटतं, लूकने हे लिहिताना ओठ दाबून धरले असतील. त्याने त्या घराला नावं ठेवलेली नाहीत. अविश्वासी म्हणून झापलेलं नाही. ज्यांची प्रार्थना ऐकली गेली त्यांचा विश्वास एवढाच होता, आणि तरी ती ऐकली गेली. मग विश्वास मापून देव पहारा देतो हा हिशेब कुठून आला?

अध्याय तिथे संपत नाही. सकाळी हेरोद पहारेकऱ्यांची चौकशी करतो आणि त्यांना मारायला पाठवतो. ते कोण होते, घरी कोण वाट बघत होतं, कोणी विचारत नाही. पेत्राच्या सुटकेवर मी आजवर पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. त्या शिपायांवर एकही नाही. आणि पेत्राची सुटका म्हणजे तरी काय, मुदतवाढ. पुढे रोममध्ये नीरोच्या अमदानीत त्यालाही वधस्तंभावर दिलं असं परंपरा सांगते. त्या खेपेस कोणाच्या कुशीत कोणी ढोसलं नाही.

कॅथलिक भावंडांकडे या प्रकरणाची दुसरी बाजू दिसते. आम्ही प्रोटेस्टंट जरा कोरडे. आमच्याकडे सगळा अर्ज थेट वर जातो. त्यांच्याकडे प्रत्येक कामाला संत आहे. हरवलेल्या किल्ल्यांना संत अँथनी. प्रवासाला संत ख्रिस्तोफर, ज्याचा सण १९६९ साली रोमच्या सार्वत्रिक पंचांगातून काढला, पण टॅक्सीच्या डॅशबोर्डवरून त्याला कोणी काढू शकलेलं नाही. आणि साथीच्या रोगाला संत सेबास्टियन आणि संत रोक. आता सेबास्टियनचं चित्र बघावं तर खांबाला बांधलेला, अंगभर बाण रुतलेले. त्या बाणांतून तो वाचला आणि नंतर त्याला सोट्यांनी ठार मारलं, अशी कथा. रोकला स्वतःलाच प्लेग झालेला. तो रानात जाऊन पडला आणि एक कुत्रा त्याला भाकरी आणून द्यायचा. संरक्षणासाठी हात जोडायचे ते अशांना! आधी मला याचं हसू यायचं. हळूहळू वाटायला लागलं की यात लोकांची काहीतरी जाण आहे. ज्याला कधी काटाही टोचला नाही त्याच्याकडे आपलं दुखणं घेऊन कोण जाईल?

मुंबईत गिरगावात, माझगावात, वांद्र्याच्या गावठाणांत फिरताना कोपऱ्याकोपऱ्यावर दगडी क्रूस दिसतात. त्यातल्या कित्येकांवर प्लेगच्या काळातली सालं कोरलेली आहेत. साथ वेशीवरच थांबावी म्हणून ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथलिक, लोकांनी ते उभारले. लोक बोचकी बांधून मुंबईबाहेर पळत होते आणि मागे राहिलेले गल्लीच्या तोंडाशी क्रूस रोवून संध्याकाळी तिथे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचे. आजही मे महिन्यात या क्रुसांना फुलं चढतात, दिवे लागतात, प्रार्थना होते आणि मग उकडलेले चणे वाटतात. पोरांचं लक्ष अर्थातच चण्यांकडे. मीही एकदा पाहुणा म्हणून उभा होतो, माझंही होतं.

त्याच प्लेगमधली दुसरी हकिगत मुंबईतल्याच मांडवीची. सप्टेंबर १८९६ मध्ये तिथल्या रोग्यांना तपासून हा प्लेग आहे असं पहिल्यांदा ओळखणारे डॉक्टर म्हणजे अकासियो गॅब्रिएल व्हिएगस, गोव्याचे कॅथलिक. लोकांना आणि अधिकाऱ्यांना हे निदान ऐकायचं नव्हतं, तरी ते वस्त्यांतून फिरत राहिले, सफाईसाठी आणि उंदरांच्या बंदोबस्तासाठी भांडत राहिले. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, बसची वाट बघणारे त्याच्या सावलीत उभे असतात. आणि १० जानेवारी १८९७ ला ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. क्रूस, झाडू आणि सुई, तिन्ही एकाच शहरात, एकाच हंगामात. यातलं कोणतं कामी आलं असं विचारणाऱ्याला माझ्या आजीने काय उत्तर दिलं असतं ते मला ठाऊक आहे. तिने आडणा लावून प्रार्थनेला सुरुवात केली असती.

प्रेषित पौलाचंही तेच. रोमला जाताना त्याचं तारू वादळात सापडलं. चौदा दिवस ऊन नाही, चांदणी नाही. देवदूताने रात्री येऊन त्याला सांगितलं की एकही जीव जाणार नाही. आता एवढं आश्वासन हातात असताना आमच्यापैकी कोणी काय केलं असतं? निवांत पडून राहिलो असतो. पौलाचं डोकं मात्र जागेवर. खलाशी होडी सोडून गुपचूप पळायच्या बेतात आहेत हे तो हेरतो आणि सरदाराला बजावतो की हे गेले तर तुम्हीही वाचत नाही. मग सगळ्या दोनशे शहात्तर माणसांना आग्रह करून जेवायला लावतो. तारू फुटतंच. ज्याला पोहता येतं तो पोहत, बाकीचे फळ्यांना धरून किनाऱ्याला लागतात. देवाचा शब्द खरा ठरला तो फळ्यांवरून. आणि माल्टाच्या किनाऱ्यावर भिजलेला पौल बसून राहत नाही. शेकोटीला काटक्या गोळा करायला लागतो, तर त्यातूनच साप निघून त्याच्या हाताला डसतो. तो साप आगीत झटकून टाकतो. बघणारे आधी म्हणतात हा खुनी असणार. तो मेला नाही असं दिसल्यावर म्हणतात हा देव आहे. माणसाला वाचलेल्याबद्दल साधं मत करताच येत नाही.

जवळचं उदाहरण हवं तर केडगावला जावं. पंडिता रमाबाईंनी देवाच्या भरवशावर मुक्ती मिशन चालवलं हे सगळे सांगतात. पण तो भरवसा हात बांधून बसणारा नव्हता. दुष्काळातल्या पोरीबाळी मध्य प्रांतातून आणल्या, त्यांना कामं शिकवली, छापखाना घातला. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी व्यवस्थेत त्यांच्या मुलींच्या वाट्याला काय आलं, ते ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून चव्हाट्यावर मांडलं. देव बघून घेईल असं म्हणून गप्प बसल्या नाहीत. आणि त्यांचं स्वतःचं आयुष्य बघा. दुष्काळाने आई, वडील, बहीण नेली. १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली पटकीने नवरा गेला, मांडीवर तान्ही मनोरमा. तीच मनोरमा सगळं काम हाताखाली घेण्याइतकी मोठी झाली आणि १९२१ साली आईच्या आधी गेली. पुढच्या एप्रिलात रमाबाई गेल्या, हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम शेवटापर्यंत हातात घेऊन. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहून प्रसिद्ध केली होती. आपण सगळ्यांतून कसे सुखरूप सुटलो याची ती यादी नाही. ज्याने हात धरला त्याच्याबद्दल ती आहे.

साक्ष हा शब्द आलाच आहे तर सांगतो. मी आमच्या मंडळीचा सेक्रेटरी आहे. दर रविवारी दानार्पणाच्या आधी साक्षीची वेळ असते. परमेश्वराने आपल्याला कशातून वाचवलं ते उभं राहून सांगायचं. प्रत्येकी तीन मिनिटं असा कमिटीचा ठराव आहे. तो इतिवृत्तात आहे आणि इतिवृत्तातच आहे. सगळ्यात जास्त साक्षी दुचाकीच्या. समोरून ट्रक आला, गाडी घसरली, चाक डोक्यापासून वीतभर अंतरावर थांबलं. सांगणारा वीत दाखवतो. एका गृहस्थांची वीत मी गेली काही वर्षं बघतोय. तिची आता चार बोटं उरली आहेत. त्याखालोखाल दवाखान्याच्या. त्यात डॉक्टरांनी नेहमी हात टेकलेले असतात. आणि चुकलेल्या बसच्या. बस दोन मिनिटांनी हुकली, मी चरफडलो, आणि संध्याकाळी कळलं की तीच घाटात उलटली. मंडळी एका सुरात हालेलूया म्हणते. मीही म्हणतो. पण माझं मन त्या बसमध्ये जाऊन बसतं. ती वेळेवर आलेली माणसं होती. त्यांच्यातही कोणी सकाळी गुडघे टेकून निघालेलं असेल.

आमच्याकडे शेवटच्या बाकावर एक जोडपं बसतं. त्यांचा मुलगा अशाच एका रस्त्यावर, अशाच एका ट्रकखाली गेला. त्याच्या पाकिटातही ते स्तोत्र होतं. साक्ष चालू असते तेव्हा बाई ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाच्या दुमडलेल्या पानांचे कोपरे एकेक करून सरळ करत असतात. साक्ष संपली की दानाची थैली फिरवायचं काम त्यांच्या यजमानांकडे असतं. ते पहिल्या बाकापासून सुरुवात करतात. नुकतीच वीत दाखवून बसलेल्या माणसापुढे थैली धरतात, तो पैसे टाकतो, हे मान लववतात आणि पुढे सरकतात. इतकी वर्षं झाली, त्यांनी हे काम सोडलेलं नाही, उपासना चुकवलेली नाही. साक्ष द्यायला मात्र त्यांना आजवर कोणी उठवलेलं नाही. आमच्या मंडळीत विश्वासाचा अधिकारी माणूस कोण असं मला विचाराल तर मी त्या थैलीकडे बोट दाखवीन.

देव राखतो यावर माझाही विश्वास आहे. रात्री मीही कडी लावून प्रार्थना करतो आणि मुलगी गाडी घेऊन बाहेर पडली की पुन्हा करतो. म्हणून मंडळीतल्या सगळ्या साक्षीदारांना हात जोडून एवढीच विनंती आहे. वाचलात, त्याचा आनंद आम्हालाही आहे. देवाचे आभार माना, मोठ्याने माना, मिठाई वाटा. फक्त ‘माझा विश्वास होता म्हणून मी वाचलो’ हे एक वाक्य कृपा करून गाळा. विश्वास याकोबाचाही होता.